पुटपुटी आणि नाटकबाई

२ मार्च, सोमवार

आमच्या लहानपणी कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात हात धुवायच्या नळांची लांब रांग होती. खेळाचा तास संपला की मी आणि माझी मैत्रीण शेवटच्या नळाशी जायचो, कारण त्याला पाणी बारीक यायचं आणि गप्पांना वेळ मिळायचा. साबणाची वडी एकच. मैत्रीण हातावर फिरवून ती माझ्याकडे द्यायची, मी तिच्याकडे. एकदा मागून सिस्टर आल्या आणि तिला तिथेच, ओल्या हातांनी, कविता म्हणायला लावली. दुसऱ्या कडव्याशी ती अडली. मी नळाकडे बघत नुसते ओठ हलवले. तिनं समोरच्या आरशात माझे ओठ बघून कडवं पुरं केलं. सिस्टर खूश होऊन गेल्या. त्या दिवसापासून मी पुटपुटी झाले. ती तिच्या केसांमुळे झिपरी आधीच होती.

आज हे आठवलं, कारण शाळेच्या फळ्यावर वसंतातल्या कार्यक्रमांची नोटीस लागली. आधी चित्रांचं प्रदर्शन, मग खेळांचे सामने, मग मोठ्या वर्गाला निरोप आणि सगळ्यात शेवटी नाटक. झिपरी इतिहास शिकवते आणि दर वर्षी नाटक लिहून बसवते. मी भाषा शिकवते आणि विंगेत संहिता घेऊन बसते, कुणी अडलं की वाक्य पुरवायला. मुलांनी तिचं नाव नाटकबाई ठेवलंय, माझं विंगबाई. उन्हाळ्यात ती निवृत्त होणार. माझं अजून एक वर्ष आहे. म्हणजे हे तिचं शेवटचं नाटक. एका राणीला राज्य सोडून मासे पकडायला जायचंय, पण मुकुट घ्यायला कुणी तयारच होत नाही, अशी गोष्ट.

पहिलं वाचन झालं. झिपरी संहिता घरी विसरून आली आणि स्वतःच इतकी हसली की आम्ही सगळे हसलो.

"पुटपुटे, तू आहेस ना," म्हणाली. "मग मला कागद कशाला हवाय?"

५ मार्च, गुरुवार

विंगेत बसणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. नट अडला हे त्याला स्वतःला कळायच्या आधी मला कळायला हवं. त्याचा श्वास बघायचा. वाक्य आठवत असलं की माणूस पोटापर्यंत श्वास घेतो, आठवत नसलं की तो गळ्याशीच अडकतो. तेवढ्यात पहिले दोन शब्द द्यायचे. जास्त दिले तर तो बिथरतो.

आज तालमीत गोंधळ झाला. काल झिपरीनं राणीला डावीकडून आत यायला सांगितलं होतं. आज ती उजवीकडून का येत नाही म्हणून ओरडली. राणीचं काम करणारी उंच मुलगी मुकाट्यानं उजवीकडे गेली. प्रधान झालेला मुलगा म्हणाला, "पण बाई, काल तर—"

राणीनं त्याच्या पायावर पाय दिला. "आमचंच चुकलं, बाई."

मुलगी फार गुणी आहे. माझ्या संहितेत 'डावीकडून' असं लिहिलेलं होतं. मी ते खोडून 'उजवीकडून' केलं. बसवणाऱ्याला मत बदलायचा हक्क असतोच.

९ मार्च, सोमवार

शाळा सुटल्यावर फाटकाशी झिपरीची भाची उभी होती. भावाची मुलगी, चष्म्याच्या दुकानात काम करते आणि आत्याकडेच राहते. लहानपणी माझ्या पदराला नाक पुसायची. आता मोठ्या माणसासारखी भुवया आक्रसून बोलते.

"मावशी, थोडं बोलायचं होतं. आत्याला सांगू नका."

"अगं, तिच्यापासून लपवायचं असं काय आहे?"

"काल ती जुन्या घरी गेली होती. बसनं. पायरीवर बसून राहिली आणि तिथल्या लोकांना म्हणाली, माझ्या घराचं कुलूप का बदललं?"

मी म्हटलं, त्या घरात अर्धं आयुष्य गेलंय तिचं, पाय आपोआप वळतात. भाची म्हणाली, दूध दोनदा करपलं. माझा तर भातही लागतो. मग तिनं सांगितलं की आत्या मध्येच तिला तिच्या आईच्या नावानं हाक मारते. तोंडवळा सारखाच आहे, त्यात काय.

"मी तक्रार नाही करत, मावशी. मला भीती वाटते. डॉक्टरकडे न्यायचंय, पण ती म्हणते, पुटपुटी आली तरच येईन."

आजकालच्या मुलींना सगळ्यात आजार दिसतो. पण तिचा चेहरा बघून 'येते' म्हटलं. एकदा डॉक्टरांनीच सांगितलं की हिचाही जीव शांत होईल.

१३ मार्च, शुक्रवार

बघा, मी म्हटलं होतं!

डॉक्टर तरुण आहेत, टाय नीट बांधलेला, आवाज मऊ. झिपरीनं बसल्या बसल्या त्यांच्या टेबलावरची चिठ्ठी उचलून पाहिली. "हे तुझं अक्षर? कुठल्या शाळेत होतास?"

"तुमच्या नव्हतो, बाई."

"दिसतंय."

भाची बाहेर काउंटरवर कागद भरत होती. झिपरी डॉक्टरांच्या समोर, आणि मी त्यांच्या पाठीमागे, वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर. त्यांनी आजचा वार विचारला, महिना विचारला. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग ते शब्द परत विचारले. खिडकी, चमचा, घोडा. झिपरीनं फडाफडा सांगितले. शंभरातून सात सात वजा करायलासुद्धा लावलं. मला मेलीला एरवी ते कागदावर करावं लागलं असतं, मी बोटांवर केलं.

दर उत्तराआधी ती एकदा माझ्याकडे बघायची. माझे ओठ सवयीनं हलले असतील. इतक्या वर्षांची सवय, ती काय दवाखान्याच्या दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवता येते?

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "थकवा आहे. विश्रांती घ्या."

येताना आइस्क्रीम खाल्लं. झिपरी चमचा चाटत म्हणाली, "तू नसतीस तर नापास झाले असते गं," आणि आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळलो. भाची हसली नाही, पण तिचे खांदे जरा सैल झालेले दिसले. म्हणाली, आता दुकानात जादा वेळ थांबायला हो सांगते, किती दिवस मालक मागे लागलेत.

१५ मार्च, रविवार

काल झिपरी आमच्याकडे जेवायला होती. आज सकाळी चहा घेताना आमचे हे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, "तुझी मैत्रीण काल एकही वाक्य पुरं बोलली नाही."

"काहीतरीच! जेवण होईपर्यंत आमची टकळी चालू होती."

"तुझी चालू होती. ती सुरू करायची, तू संपवायचीस."

"अहो, तिच्या मनातलं मला कळतं, म्हणून."

"हं," म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला उठले. ह्यांना कोड्यातली आडवी-उभी अक्षरं सोडून दुसरं काही दिसतं हेच नवल. दिवसभर मात्र ते बोलणं खुपत राहिलं.

१९ मार्च, गुरुवार

चित्रांचं प्रदर्शन. आवारातल्या झाडांना कोवळी पानं फुटलीत, त्यामुळे मुलांनी हिरवा रंग सढळ हातानं वापरलाय. एका मुलानं झिपरीचं चित्र काढलंय, खुर्चीवर उलटं बसून तालीम घेतानाचं. हुबेहूब. झिपरी त्याच्यासमोर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "छान आहे गं ही बाई. कोण आहे?"

सगळे हसले. तिच्या विनोदाला वेळ-काळ लागत नाही. चित्र काढणारा मुलगा तेवढा हसला नाही.

२४ मार्च, मंगळवार

दोनदा वही उघडून मिटली, आता लिहिते.

आज सामने होते. शाळा आणि मैदान यांच्यामध्ये मोठा रस्ता आहे. आठवीचा वर्ग पलीकडे नेण्यासाठी खेळाच्या सरांना कुणीतरी हवं होतं. त्यांनी मला विचारलं, "नाटकबाई नेतील ना? बऱ्या आहेत ना आता?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी उत्तम म्हटलंय. न्यायला काय झालं?"

रस्त्याच्या मधोमध झिपरी थांबली. मागे दोन-दोनच्या रांगेत अख्खा वर्ग. ती एकदा शाळेकडे बघे, एकदा मैदानाकडे. कुठून आलो आणि कुठे जायचं, हे तिला ठरवता येईना. ट्रक आला. ड्रायव्हरनं जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. राणी मागून धावत आली, झिपरीच्या हातात हात घालून मोठ्यानं म्हणाली, "चला बाई, आमची मिरवणूक!" आणि सगळ्यांना पलीकडे घेऊन गेली. मुलांना वाटलं, गंमत आहे.

मी हे पाहिलं नाही, खेळाच्या सरांनी सांगितलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. सांगून झाल्यावर बुटाची नाडी सोडत आणि बांधत बसले.

झिपरी मैदानावर टाळ्या वाजवत होती. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाली, "काय गं, रडतेस? हरला का आपला वर्ग?"

२५ मार्च, बुधवार

मुख्याध्यापकांनी बोलावलं. भले गृहस्थ आहेत, वाईट बातमी सांगायची असली की आधी पाणी पुढे करतात. पाण्याचा पेला पाहिल्यावरच मी ओळखलं.

"नाटक खेळाच्या सरांकडे द्यावं म्हणतो. वर्गही काढून घ्यावे लागतील."

"वर्ग घ्या," मी म्हटलं. "नाटक नको. त्यानंतर तिच्याकडे काही उरणार नाही."

"बाई, उद्या काही झालं तर?"

तेवढ्यात दारावर टकटक. राणी आणि प्रधान. दोघं बाहेरच उभे असणार, कारण आत आल्या आल्या राणी म्हणाली, "सर, आम्हाला माहितीये."

"काय माहितीये?" हे मीच विचारलं.

"नाटकबाई विसरतात ते. पहिल्या आठवड्यापासून माहितीये. हॉलमधली तालीम संपली की आम्ही सायकल स्टँडमागे परत करतो. तिथे सगळं पहिल्या दिवशी ठरलं तसं. हॉलमध्ये मात्र त्या म्हणतील तसं. आता त्यांनी कुठूनही यायला सांगितलं तरी आम्हाला येतं."

"दोरी दिलीत तर मी वरूनही येईन," प्रधान म्हणाला. मुख्याध्यापकांनी हसू दाबण्यासाठी माझ्यासाठी ठेवलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

राणी माझ्याकडे वळली. "तुम्हीपण तेच करता ना, बाई? संहितेत किती खाडाखोड आहे तुमच्या."

मुलांनी केलं ते झिपरीसाठी केलं. मी केलं तेही तिच्यासाठीच, असं इतके दिवस धरून चालले होते. पण मुलांना माहीत होतं ते काय करताहेत. आणि ट्रकसमोर माझ्या भरवशावर उभी राहिलेली तीच मुलं.

नाटक तिच्याकडे राहिलं. अट अशी की कुठेही एकटीनं जायचं नाही आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं.

२६ मार्च, गुरुवार

भाचीला चष्म्याच्या दुकानात जाऊन गाठलं. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, "त्या दिवशी उत्तरं मी दिली."

"म्हणजे?"

मी ओठ हलवून दाखवले. खिडकी, चमचा, घोडा. आवाज न काढता.

ती हातातली काच पुसत राहिली, स्वच्छ झाली तरी पुसत राहिली. "मी जादा वेळ थांबत होते, मावशी. तिला एकटीला ठेवून. डॉक्टर 'उत्तम' म्हणाले म्हणून."

"हो."

"ओरडायचंय मला तुमच्यावर."

"ओरड."

ओरडली नाही. काच खोक्यात ठेवून म्हणाली, "परवा दवाखान्यात तुम्ही बाहेर बसा."

"मी नसले तर ती घाबरेल. आतच बसते. पण तोंड उघडणार नाही."

"जमेल?"

मी हो म्हटलं. जमेल की नाही मला माहीत नव्हतं.

२८ मार्च, शनिवार

तोच स्टूल. डॉक्टरांना भाचीनं आधीच सगळं सांगितलं होतं. मला वाटलं ते मला उठवतील. नुसते म्हणाले, "बसा. त्यांना बरं वाटेल."

"कोणता महिना आहे, बाई?"

झिपरीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा श्वास गळ्याशी आला आणि अडकला, मला लख्ख दिसला. आयुष्यभर मी जे एक काम शिकले ते याच क्षणासाठीचं. शब्द माझ्या जिभेवर होता. मी दात आवळले. ती वाट बघत राहिली. इतक्या विश्वासानं, की माझ्याकडून उशीर होतोय याचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती मला धीर द्यायला हसली.

मग तीन शब्द. या वेळी वेगळे होते. तिला एकही आला नाही. प्रत्येक वेळी तीच नजर. मी साडीच्या काठाकडे बघायचं ठरवलं होतं, पण जमेना. पाठ फिरवली तर ती अगदीच एकटी पडेल, म्हणून बघत राहिले, गप्प.

शेवटी ती माझ्याकडे बोट करून डॉक्टरांना म्हणाली, "ह्यांना विचारा ना. ह्यांच्याजवळ सगळं लिहिलेलं असतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आजाराचं नाव सांगितलं. भाचीनं ते आधीपासून माहीत असल्यासारखी मान हलवली. औषधानं आजाराची चाल थोडी हळू होईल, पण तो मागे फिरणार नाही. तिला एकटं सोडायचं नाही, आणि तिची वाक्यं तिची तिला शोधू द्यायची, जमेल तेवढी, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

बाहेर आल्यावर झिपरी माझ्यावर रुसली होती. "आज तुझं लक्ष कुठे होतं गं?" म्हणाली. बसस्टॉपपर्यंत माझा हात धरला नाही, भाचीचा धरला.

५ एप्रिल, रविवार

झिपरीचं वाक्य अडलं की मी थांबते. फार वेळ थांबावं लागतं. काल तिनं 'पातेलं' हा शब्द शोधला आणि मिळाल्यावर अशी खूश झाली, जसं काही नवीनच पातेलं आणलं. मी उगाच इतकी वर्षं घाई करत होते की काय, कोण जाणे.

आमचे हे म्हणाले, "हल्ली घरात शांत वाटतं." मी उशी फेकून मारली.

११ एप्रिल, शनिवार

नाटक झालं.

पडदा उघडण्याआधी नाटकबाईंनी दोन शब्द बोलायचे, हा इथला रिवाज. मुख्याध्यापक म्हणाले होते, या वर्षी राहू द्या. झिपरी ऐकते होय! केस विंचरून, लाल साडी नेसून पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. हॉल गच्च. "मित्रांनो," म्हणाली. आणि थांबली.

मी विंगेत होते. काय बोलायचं ते तिनं मला सकाळी सांगितलं होतं, मी देऊ शकले असते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमेल तेवढं. हे जमण्यापलीकडचं होतं का? मी ठरवत होते, तेवढ्यात पडद्याच्या फटीतून राणी बाहेर आली, पूर्ण पोशाखात, आणि तिच्यापुढे वाकून म्हणाली, "बाई, मला अजून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवता येत नाही. एकदा तपासाल?"

झिपरीचा चेहरा उजळला. "म्हण बघू."

राणीनं पहिलं वाक्य म्हटलं.

"गळ्यातून नको. पोटातून. परत."

राणीनं परत म्हटलं. मग झिपरीनं शेवटच्या रांगेकडे बघून विचारलं, "काय हो, पोचलं का?" मागून कुणाचे तरी वडील ओरडले, "पोचलं!" अख्खा हॉल हसला, टाळ्या पडल्या, आणि ती राणीच्या हाताला धरून आत आली. त्याहून चांगलं भाषण तिनं याआधी केलेलं नाही.

नाटकात एकही मूल अडलं नाही. राणी डावीकडून आली, पहिल्या दिवशी ठरलं होतं तशी. माझ्या मांडीवरच्या संहितेचं पान मी उलटायलाच विसरले. झिपरी माझ्या शेजारी उभी राहून प्रत्येक प्रवेशाला हसत होती, जणू पहिल्यांदाच बघतेय. मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कुणी लिहिलंय गं? चांगलं आहे."

"तू," मी म्हटलं.

"चल!"

१९ एप्रिल, रविवार

पुढच्या आठवड्यात भाची झिपरीला घेऊन आपल्या वडिलांकडे जाणार. मोठं घर आहे, माणसं आहेत, आवाराला फाटक आहे. इथून बसनं दिवसभराचा रस्ता.

आज तिघी मिळून हॉलमागच्या खोलीतलं नाटकाचं कपाट रिकामं केलं. झिपरी खोक्यावर बसली, मला म्हणाली, "बाई, तुमचं अक्षर चांगलं दिसतंय. मी सांगते, तुम्ही लिहा. कुणाला काय द्यायचं ते." भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी पेन उघडलं. तिला लागला तेवढा वेळ दिला, एकही शब्द पुरवला नाही. ती म्हणाली तसंच लिहून ठेवते.

मखमलीचा जुना पडदा भाचीला. त्याच्या उश्या कर. धूळ झटकून घे, नाहीतर जन्मभर शिंकशील.

दाढ्या-मिशांचा डबा मुख्याध्यापकांना. त्यांच्या डोक्यावर काही उगवायचं राहिलं, हनुवटीवर तरी लावा म्हणावं.

लाकडी तलवारी प्रधान झालेल्या मुलाला. आधी त्याच्या आईला विचारा.

इतिहासाचे नकाशे नव्या बाईंना, ज्या कुणी येतील त्यांना. फाटलेत तिथे चिकटवून घ्या, सीमा इकडेतिकडे सरकल्या तरी मुलांना सांगू नका.

कंदील उंच मुलीला. (थोड्या वेळानं तिनं तोच कंदील खेळाच्या सरांनाही दिला. मी दोन्ही लिहिलंय. त्यांनी आपसांत ठरवावं.)

घुंगरांची पेटी शिपाईमामांच्या नातीला. ती नाचते असं कुणीतरी सांगितलं, कुणी ते आठवत नाही.

"आणि आणखी एक," म्हणाली. मी थांबले. तिनं कपाटाच्या रिकाम्या फळीवरून हात फिरवला. "ती विंगेत बसते ना? माझी मैत्रीण."

"तिला काय?"

"खुर्ची. हॉलमधली, पहिल्या रांगेतली मधली. पुढच्या वर्षीपासून. बिचारीनं आमचं एकही नाटक समोरून बघितलेलं नाही."

"नाव काय लिहू?"

"लिहा काहीही. ती वाचेल बरोबर."

तर, ज्यांच्या हाती ही वही पडेल त्यांना सांगणं: पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्या बाईंची आहे. विंगेत बसायला दुसरं कुणीतरी शोधा. त्या खुर्चीवरून तिला कुणी उठवू नये.